खिशातला चाकू आणि त्याची पिल्लावळ

सभासद, होडीमालक आणि घरी जाळी सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी आजचा विषय जरा वेगळा आहे. चाकू कोणता घ्यावा हे ऑफिसात येऊन बरेच जण विचारतात. चाकू आपल्यापैकी प्रत्येकाकडे असतोच. कुणाचा लोहाराकडून करून घेतलेला, कुणाचा गल्फमधून आलेल्या भाच्याने दिलेला लाल मुठीचा. पण चाकूबरोबरच्या बारक्या वस्तू, म्हणजे चिमटा, दातकोरणं, बारका स्क्रू ड्रायव्हर, टोच्या, पिन, दोरी, कडी, यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. चाकू वीस वर्षं टिकतो आणि चिमटा पहिल्याच महिन्यात होडीच्या तळाला जातो. मग नेमकी गरज पडते तेव्हा त्या मुठीत नुसतं एक रिकामं भोक असतं.

पात्याच्या सोबतीला बारकी हत्यारं बाळगणं आपल्याला नवीन नाही. शेतात किंवा रानात जाणारा माणूस कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. आकडी म्हणजे कोयत्याची सोबतीणच. तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पातं अंगाला लागत नाही. जुन्या माणसांची चंची आठवा. पान, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि एका कडीत ओवलेलं दातकोरणं नि कानकोरणं. परदेशी चाकूच्या मुठीत आज जे दातकोरणं मिळतं ते आपल्या आज्याच्या चंचीत पितळेचं होतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा घरगुती वस्तू हजारोंनी आहेत आणि तिथले अडकित्ते तर नावाजलेले आहेत. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, कुलपं, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी जमवली आणि संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. बारक्या वस्तू जमवणं हे रिकामटेकड्यांचं काम नव्हे, एवढं यावरून कळावं.

आता तो लाल मुठीचा चाकू. आपल्याकडे सगळेच त्याला ‘स्विस चाकू’ म्हणतात. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात 1884 साली चाकूचा कारखाना काढला. तिथल्या सैन्याला त्या काळात एक अडचण होती. नवीन आलेली रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा आणि डब्यातलं अन्न खायला डबा उघडायचं हत्यार लागायचं. सैनिकाने दोन-तीन हत्यारं कशाला बाळगायची, म्हणून पातं, टोच्या, डबा उघडणी आणि स्क्रू ड्रायव्हर असा एकच चाकू ठरला. पहिले चाकू जर्मनीच्या सोलिंगेन शहरातून मागवावे लागले, कारण एवढी मोठी मागणी पुरवेल असा कारखाना तिथे कुणाचा नव्हता. 1891 मध्ये एल्सनरने स्वतःचे चाकू द्यायला सुरुवात केली. 1897 मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, त्यात बूच काढायचा पिळाचा स्क्रूसुद्धा होता. आईचं नाव व्हिक्टोरिया. तिच्या निधनानंतर 1909 मध्ये कंपनीला तिचं नाव दिलं आणि पुढे न गंजणारं पोलाद आल्यावर त्याला ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. म्हणजे ही सगळी हत्यारं कुणाच्या तरी रोजच्या अडचणीतूनच आलेली आहेत. आपल्या अडचणी वेगळ्या, त्यामुळे त्यातलं आपल्याला काय उपयोगी नि काय नुसतं शोभेचं हे आपणच ठरवायचं.

खरेदीआधी एक गोष्ट समजून घ्या. या चाकूंची लांबी मुठीवर मोजतात. सगळ्यात प्रसिद्ध माप 91 मिलिमीटरचं. चावीच्या जुडग्यात अडकवायचा बारका चाकू 58 मिलिमीटरचा. मोठ्या मुठीचा 111 मिलिमीटरचा. 58 चा चिमटा आणि दातकोरणं लहान असतं, ते 91 च्या भोकात सैल पडतं आणि हरवतं. 91 चं 58 मध्ये शिरतच नाही. सुटे भाग मागवताना किंवा बाहेरगावच्या नातेवाईकाला सांगताना आधी मूठ पट्टीवर मोजा, मग सांगा. अंदाजाने मागवू नका. बारका स्क्रू ड्रायव्हर मुठीच्या भोकात नसतो, तो पिळाच्या स्क्रूच्या आत फिरवून बसवतात. ज्या चाकूला पिळाचा स्क्रू नाही त्याला तो बसणार नाही. स्वस्तातले नकली चाकू दिसायला तसेच असतात, पण त्यांची भोकं वेगळ्या मापाची असतात, म्हणून अस्सल सुटा भाग त्यात बसेलच असं नाही. नकली चाकू अगदी टाकाऊ असतो असंही नाही. सुतळी, पोतं, खोबरं कापायला पुरतो. फक्त बिजागरी सैल होते आणि पातं बोटावर मिटतं, त्यावर लक्ष ठेवा.

सगळ्यात आधी चिमट्याबद्दल, कारण जोयड्यात चिमटा ही चैन नाही. आपण पाण्यावर जातो ते रानातून. सुपा धरणाच्या पाण्याला जाणारी वाट गवतातून, पानगळीच्या पाचोळ्यातून जाते. गोचीड, कन्नडात उणुगु, तिथेच असते. माकडताप, ज्याला आपल्या जिल्ह्यात ‘मंगन कायिले’ म्हणतात, तो या गोचिडीमुळे होतो. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. नंतर तो उत्तर कन्नडात आला, 2015 च्या सुमारास गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्गातही त्याने माणसं आजारी पाडली. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत धोका जास्त, कारण त्या दिवसांत गोचिडीची बारकी पिल्लं फार असतात. तापाने दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीन ते पाच सांगतात. हे कमी वाटतं, पण आपल्या वाडीत किती घरं आहेत ते मोजा.

गोचीड अंगाला चिकटली की आपल्याकडे काय करतात? कुणी बिडी टेकवतो, कुणी रॉकेल लावतो, कुणी चुना फासतो, कुणी नखाने चिरडतो. यातलं एकही करू नका. चिमट्याच्या टोकाने गोचिडीला कातडीला अगदी लागून धरा, अंगाला नाही, तोंडाजवळ, आणि सावकाश सरळ वर ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. निघाल्यावर नखाने चिरडू नका. चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटमध्ये टाका. जागा साबणाने धुवा, हात धुवा. पुढच्या आठवड्यात अचानक ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडणं असं झालं तर थेट सरकारी दवाखान्यात जा आणि ‘गोचीड लागली होती’ हे आपण होऊन सांगा. डॉक्टरने विचारायची वाट बघू नका. रानात जाण्याआधी लावायचं डेपा तेल आरोग्य खात्याकडून मिळतं, ते घ्या आणि लावा. घरी आणून कपाटात ठेवू नका.

आणि आता आमचं मत. स्विस चाकूतला चिमटा काट्यासाठी चांगला, पण त्याचं टोक रुंद आणि तिरकं असतं. तिळाएवढी गोचीड त्याने नीट धरता येत नाही, चिरडते. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारा टोकदार चिमटा घ्या आणि चाकूच्या म्यानात किंवा डबीत ठेवा. चाकूतला चिमटा बांबूचा कुसळ, काचकण, माशाचा बारका काटा काढायला राहू द्या. ज्या चिमट्याने गोचीड काढली तोच पुसून परत मुठीत खोचू नका. आधी साबण-पाण्याने आणि मग स्पिरिटने धुवा, कोरडा करा. दातकोरणं एकाचं दुसऱ्याने वापरू नये हे सांगायची गरज नसावी, पण होडीवर बघितलंय म्हणून सांगतो.

काट्यावरून आठवलं. शेंगाळा आणि मागूर जाळ्यातून काढताना त्यांच्या पंखाजवळचा काटा बोटात जातो. त्याची कळ कोपरापर्यंत चढते, कारण काट्याला विष असतं. काट्याचा तुकडा आत राहिला आणि वर दिसत असेल तर चिमट्याने ओढून काढा. चाकूचं टोक घालून उकरू नका. मग हात सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, बऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला कळ असल्यामुळे नीट समजत नाही आणि भाजतं. सूज वाढली किंवा काटा खोल गेला तर दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते घरात लिहून ठेवा. घशात काटा अडकला तर मात्र चिमटा घशात घालायचा नाही. डॉक्टरकडेच जायचं.

गळ बोटात गेला तर तिथेही चाकू कामाचा नाही. गळाच्या टोकाला उलटा दात असतो, सरळ ओढला तर मांस फाडत येतो. आधी दोरा कापा म्हणजे गळ ओढला जाणार नाही, मग दवाखाना गाठा. डोळ्याच्या आसपास गळ लागला असेल तर हातसुद्धा लावू नका, वरून स्वच्छ फडकं सैल धरून जा. माशाच्या तोंडातून गळ काढायला मात्र बारकी पक्कड चांगली. मासेमारीच्या चाकूंना खवले काढायची दातेरी पट्टी येते, तिच्या टोकाला गळ सोडवायची खाच असते आणि पट्टीवर सेंटीमीटर-इंचाच्या खुणा असतात. तो चाकू कुणी आणून देत असेल तर घ्या. पण पक्कडच पाहिजे असेल तर वेगळी घेतलेली बरी. चाकूतली पक्कड एवढी बारकी असते की ओल्या हातात ती निसटते.

सगळ्यात कमी मानाचं आणि आपल्याला सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे बूच काढायचा पिळाचा स्क्रू. बाटलीसाठी नव्हे, गाठीसाठी. नायलॉनची दोरी ओली होऊन ताणली की तिची गाठ दगडासारखी बसते. नखं तुटतात, दात दुखतात आणि शेवटी दोरी कापावी लागते. पिळाचं टोक गाठीच्या पदरांमध्ये घालून थोडं फिरवा, गाठ सैल होते. दोरी वाचते. जुन्या काळी गलबतावरच्या खलाश्यांच्या चाकूला यासाठीच एक जाड टोकदार खिळा असायचा, दोराचे पीळ उघडून एक टोक दुसऱ्यात विणायला. ज्यांच्याकडे पिळाचा चाकू नाही त्यांनी बांबूची वीतभर टोकदार काडी घासून गुळगुळीत करून ठेवावी. जाळ्याचा धागा कापत नाही, पाण्यात पडली तरी तरंगते, आणि फुकट. आम्हाला विचाराल तर हीच चाकूची पहिली सोबतीण असायला हवी.

टोच्या बऱ्याच चाकूंना असतो आणि काहींच्या टोच्याला भोक असतं. त्या भोकात दोरा ओवला की तो शिवायचा टोच्या होतो. लाइफ जॅकेटचा पट्टा उसवला, ताडपत्री फाटली, माशाच्या पोत्याचं तोंड सुटलं तर त्याने दोन-चार टाके घालता येतात. लाइफ जॅकेटचा पट्टा तुटलाय म्हणून जॅकेट बसायला टाकणारे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मात्र जॅकेटच्या आतलं फोम जिथे आहे तिथे टोचू नका, पट्टा जिथे जोडलेला आहे तेवढंच शिवा. शिवल्यावर जोर लावून ओढून पाहा. दोरा जाळ्याचाच वापरा, शिवणकामाचा सुती दोरा पाण्यात कुजतो.

बारका स्क्रू ड्रायव्हर वयस्कर मंडळींसाठी. जाळ्याला आस विणणारे हात अनुभवी असतात, पण डोळ्यांना चष्मा लागतो आणि चष्म्याचा स्क्रू नेहमी जाळं मांडीवर असतानाच पडतो. तो एवढा बारका असतो की साधा स्क्रू ड्रायव्हर बसत नाही. हा बसतो. शिवाय टॉर्चच्या सेलचं झाकण, रेडिओ, गळाच्या रीळाचा सैल स्क्रू. नेहमीचा मोठा स्क्रू ड्रायव्हर चाकूतच असतो, पण होडीच्या मशीनसाठी तो वापरू नका. स्क्रूची खाच बिघडते आणि मूठ तुटते. मशीनची हत्यारं मशीनबरोबर.

जाळ्याच्या आसाचं माप घ्यायला वेगळी पट्टी लागत नाही. एक गाठ पकडा, समोरची गाठ पकडा, आस ताणून धरा आणि मोजा. हातात काही नसेल तर एटीएम कार्ड चालतं, त्याची लांब बाजू 85.6 मिलिमीटर आणि आखूड बाजू 54 मिलिमीटर, कुठल्याही बँकेचं असलं तरी हेच माप. जुनं, बंद झालेलं कार्ड घ्या आणि त्याच्या कडेवर चाकूच्या टोकाने सेंटीमीटरच्या खुणा करून डबीत टाका. बारक्या आसाच्या जाळ्यात कटला, रोहूची पिल्लं येतात. पुढच्या वर्षी आपल्यालाच तेवढे मोठे मासे कमी मिळतात. हे सगळ्यांना माहीत आहे. मोजमाप खिशात असलं की नवीन जाळं घेताना दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागत नाही, एवढंच.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि इथे खिशातल्या चाकूच्या विरुद्ध बोलायचं आहे. धरणाच्या पाण्यात जाळं बुडालेल्या झाडांच्या खोडांना अडकतं. जाळं सोडवताना माणूस तोल जाऊन पाण्यात पडतो, पायात जाळं गुंडाळतं, आणि पोहता येत असूनही वर येता येत नाही. असं झालं तर घडी घातलेला चाकू खिशात असून नसल्यासारखा. ओल्या पॅन्टच्या खिशातून काढायचा, दोन्ही हातांनी नखाने पातं उघडायचं, एक हात आधीच जाळ्यात. हे होत नाही. यासाठी न मिटणारं पातं हवं, म्यानात, छातीजवळ किंवा लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला उलटं अडकवलेलं, एका हाताने ओढून निघेल असं. टोक बोथट असलेलं चांगलं, म्हणजे गडबडीत आपल्यालाच लागणार नाही. धार दातेरी असावी. ओली नायलॉन साध्या धारेवरून घसरते, दातेरी धार पकडून कापते. महागडा घ्यायला नको. भात कापायचा बारका दातेरी विळा आपल्या प्रत्येक घरी आहे. त्याला रबरी नळीचं म्यान करा, होडीच्या फळीखाली बसल्या जागी हात पोचेल तिथे अडकवा. मशीनच्या पंख्यात दोर गुंडाळला तरी तोच उपयोगी, फक्त आधी मशीन बंद करा आणि दोरी ओढून सुरू करायची मशीन असेल तर प्लगची वायर काढा.

खिशातला चाकू पाण्यात पडतो तो कडी-दोरी नसल्यामुळे. दोरी हातभर पुरे, जास्त लांब झाली की कुठेतरी अडकते. आणि दोरी गळ्यात घालायची नाही, कमरेच्या पट्ट्याला बांधायची. दोरीला जाळ्याचा एखादा बोया बांधला की चाकू तरंगतो का ते बादलीत टाकून पाहा. बुडाला तर बोया मोठा घ्या. ही तपासणी बादलीतच करा, धरणावर नको. चाकू उथळ पाण्यात पडला असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून तळावर ओढा, पात्याचं पोलाद चुंबकाला चिकटतं. चिमट्याच्या नि दातकोरण्याच्या वरच्या टोकाला घरातल्या बाईमाणसांचं लाल नेलपॉलिश लावून ठेवा. राखाडी टोक होडीच्या चिखलात दिसत नाही, लाल दिसतं.

तेलाबद्दल दोन शब्द. बिजागरीला खोबरेल घालायची सवय सोडा. ते दिवस गेले की चिकट होतं, वास येतो, आणि डिसेंबरात आपल्याकडच्या थंडीत गोठून पातं उघडायला जड जातं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचे दोन थेंब पुरे, आणि त्याच चाकूने फळं कापली तरी चिंता नाही. धरणाचं पाणी गोडं आहे म्हणून गंज कमी येतो. कारवारला खाडीत जाणाऱ्यांनी मात्र रोज घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, पुसून, पातं अर्धं उघडं ठेवून वाळवावं. ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारं नव्हे. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं म्हणून ते सावकाश गंजतं. ट्रकच्या कमान पाट्यापासून लोहाराने केलेलं पातं लवकर गंजतं, पण धार चटकन लागते. आमच्या मते रोजच्या मासळीच्या कामाला तेच बरं.

धार लावताना दगडावर पात्याचा कोन किती? काटकोनाचा अर्धा करा, त्याचा पुन्हा अर्धा करा, आणि त्याहूनही थोडं खाली उतरवा. दोन्ही बाजूंना सारखे फेरे. दातेरी धारेला दगडावर सपाट घासू नका, दात जातात.

कायद्याबद्दल पण विचारतात. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरतात, आणि घरकामाचे, शेतीचे, उद्योगाचे चाकू त्यातून वगळले आहेत. आपला कोयता, विळा, मासळीची सुरी त्यात येतात. बटण दाबलं की उघडणारा चाकू मात्र घेऊ नका, आपल्या कुठल्याही कामाला तो लागत नाही आणि पोलिसाला समजावत बसावं लागतं. वाघांच्या राखीव जंगलातून जाताना वनखात्याच्या चौकीवर विचारलं तर मासेमारीचा परवाना आणि सभासद कार्ड दाखवा. विमानाने गल्फला किंवा मुंबईला जाणाऱ्यांनी चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नये, मोठ्या सामानात ठेवावा. विमानतळावर हातातल्या बॅगेतला चाकू काढून घेतात.

जमवायचं कसं? एक घट्ट झाकणाची पत्र्याची डबी घ्या. तिच्यात टोकदार चिमटा, चाकूचा जादा चिमटा नि दातकोरणं, चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर आणि दोन जादा स्क्रू, दोन जाड सुया, मेणाचा तुकडा, जाळ्याचा हातभर दोरा, बांबूची काडी, खुणा केलेलं कार्ड, स्पिरिटची बारकी बाटली. एवढ्या वस्तू हाताच्या तळव्यात मावतात. डबी होडीवर राहू द्या, चाकू माणसाच्या अंगावर. पिन, स्क्रू, चुंबक घरी असताना लहान पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा, पोरं तोंडात घालतात. नवीन महागडे भाग एकदम आणू नका. आधी घरातलं जुनं बघा. आज्याच्या पेटीत पितळी चिमटा असतो, आजीच्या शिवणाच्या डब्यात टोच्या असतो.

ज्यांच्या घरी जुनी चंची, कोरणं, वेगळ्या घडणीची आकडी किंवा जाळं विणायची जुनी बांबूची सुई असेल त्यांनी फोटो काढून आम्हाला पाठवावा, सोबत ती वस्तू घरात काय म्हणून ओळखतात ते नाव लिहावं, कोकणीत असो की मराठीत की कन्नडात. विकायला सांगत नाही. फोटो इथे पानावर लावू. धार लावायचा चांगला दगड ऑफिसात ठेवला आहे, सकाळी दहा ते एक कुणीही येऊन वापरावा, पाणी आपलं आपण आणावं.